शब्दचर्चा: शेकडा दोन, दामदुप्पट, जामीन, वारस

निफाडहून:
ताई, एक शंका आहे. आमच्याकडे फळछाटणीच्या आधी औषधाला आणि मजुरीला पैसे लागले की गावातून कुणीतरी "दोन रुपयाने" उचलतं. बँक दहा टक्के सांगते. सासरे म्हणतात, दोन कुठे आणि दहा कुठे, गावचाच पैसा स्वस्त. शाळेत आम्ही द.सा.द.शे. पाठ केलं होतं, पण ते इथे कसं लावायचं हे मला त्यांना समजावता येत नाही.

नाशिकरोडहून:
द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. बँक जो दर सांगते तो याच मापाने, वर्षाचा. गावातला "दोन रुपये" किंवा "शेकडा दोन" हा दर महिन्याचा असतो. देणाऱ्यालाही ते ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही, म्हणून महिना हा शब्द कुणी तोंडाने उच्चारत नाही, आणि तुलना करताना नेमका तोच विसरला जातो. सासऱ्यांशी वाद घालू नका. वहीच्या पानावर एक लाखाचा हिशोब मांडा. दोन रुपयाने महिन्याला 2,000, वर्षाला 24,000. बँकेच्या दहा टक्क्यांनी वर्षाला 10,000. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि पान त्यांच्या हातात द्या.

गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज तर याहून स्वस्त पडतं. केंद्राच्या व्याज सवलतीत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला 4 टक्क्यांनी पडतं, तेही द.सा.द.शे. मुदत चुकली की ही सवलत हातची जाते, म्हणून मार्चअखेरीला गावोगाव नवं-जुनं करायची घाई चालते. जुनं कर्ज भरून नवं उचलणं एवढाच नवं-जुनं करण्याचा अर्थ. त्यात कर्ज कमी होत नाही, फक्त थकीत होत नाही. आणि गावात पैसे देणारा परवानाधारक आहे का, हेही विचारा. 2014 च्या सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा आहे आणि व्याजाचे दर शासन ठरवतं.

सिडकोहून:
हेच क्रेडिट कार्डाचं. माझ्या कार्डाच्या पत्रकात बारीक अक्षरात "साडेतीन टक्के" लिहिलंय. भाऊ म्हणाला, एवढं कमी व्याज कुठे मिळतं!

नाशिकरोडहून:
भावाला सांगा, ते महिन्याचे आहेत. वर्षाचे 42 होतात. त्यातून "मिनिमम ड्यू" हा शब्द फार फसवा आहे. तेवढे भरले की दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं.

गाडीच्या किंवा वस्तूंच्या कर्जात "फ्लॅट रेट" सांगतात, तोही इथेच घेते. लाखभर रुपये, दोन वर्षं, फ्लॅट दहा टक्के. व्याज 20,000, एकूण 1,20,000, महिना हप्ता 5,000. ऐकायला दहाच टक्के वाटतात. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर 18 टक्क्यांच्या आसपास जातो. काउंटरवर एकच प्रश्न विचारायचा: "हा दर घटत्या शिलकीवर आहे का?" उत्तर फिरवून यायला लागलं तर सही करायची घाई करू नका.

पंचवटीहून:
आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर रंगवलंय, "पाच वर्षांत दामदुप्पट". आजोबा सांगायचे की दामदुप्पट हा कुळाच्या बाजूचा शब्द होता. ते खरं का?

नाशिकरोडहून:
अगदी खरं. दामदुप्पट हा मुळात ऋणकोला, म्हणजे कर्ज घेणाऱ्या कुळाला, वाचवणारा नियम. धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, म्हणजे शंभराचं कर्ज कितीही वर्षं थकलं तरी वसुली दोनशेच्या वर जायची नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हा दंडक आहे, आणि इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो हिंदू कर्जदारांना लावत होती. व्याजाला घातलेलं कुंपण होतं ते. आज तोच शब्द ठेवीदाराला ओढायला भिंतीवर रंगवतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण आजोबांच्या पिढीच्या कानाला हा शब्द विश्वासाचा वाटतो.

ही जाहिरात तपासायची सोपी रीत आहे. 72 ला वर्षांनी भागा. येईल तो वार्षिक चक्रवाढ दर, ढोबळमानाने. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे 14.4 टक्के. तीन वर्षांत म्हणजे 24 टक्के. आता पोस्टाकडे बघा. किसान विकास पत्र 1988 साली निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होत होतं, कारण व्याजाचे दरच तेव्हा तसे होते. 2023 साली दर साडेसात झाला तेव्हा दुप्पट व्हायला 115 महिने ठरले, साडेनऊ वर्षांहून थोडे जास्त. 72 भागिले 7.5 करून पाहा, तेवढंच येतं. सरकार जिथे साडेनऊ वर्षं मागतं तिथे गल्लीतला कुणी पाच वर्षांत देतो म्हणत असेल, तर तो हा पैसा कुठे लावतो हे त्याने सांगायला हवं. बुडाल्यावर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदा आहे. पण त्यातून मालमत्ता जप्त होऊन, विकून, पैसे हाती यायला वर्षानुवर्षं जातात.

सातपूरहून:
"जामीन राहणे" आणि "साक्षीदार म्हणून सही करणे" यात व्यवहारात फरक काय? कंपनीतल्या एकाने माझी सही मागितली आहे.

नाशिकरोडहून:
जमीन-अस्मानाचा. या शब्दापाशी थांबून बोलायला हवं, कारण बँकेच्या शाखेत नोकरीला असताना सगळ्यात जास्त रडलेली माणसं मी याच शब्दापायी पाहिली.

प्रसंग बहुतेक वेळा असा असतो. कर्जाच्या अर्जाचा गठ्ठा टेबलावर, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. भाचा म्हणतो, "मामा, नुसती सही. उरलेलं मी बघतो." मामा चष्मा घरी विसरलेले. फुली दिसेल तिथे सही होते. एका फुलीपुढे "साक्षीदार" छापलेलं असतं, दुसऱ्या पानावरच्या फुलीपुढे "जामीनदार". साक्षीदार फक्त एवढंच सांगतो की ही सही माझ्यासमोर झाली. जामीनदार सांगतो की याने नाही भरलं तर मी भरीन. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी भाच्याकडून वसूल करा, जमलं नाही तर माझ्याकडे या, असं मामाला म्हणता येत नाही. बँक थेट मामाच्या पगारावर येऊ शकते. भाच्याचे हप्ते थकले तर मामाचाही सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतो, आणि मामाला हे कळतं ते मुलीच्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेल्यावर.

तुम्हाला सही करायची असेल तर कर्जाची रक्कम, मुदत आणि हप्ता स्वतः वाचा, आणि जामीनपत्राची प्रत घरी आणा. आणि मनाशी असं धरून चला की हे कर्ज आपलंच आहे. तेवढी तयारी नसेल तर सरळ नाही म्हणा, नातं त्याने तुटत नाही.

सातपूरहून:
सिबिलवरून आठवलं. मराठीत त्याला काय म्हणायचं, पत की ऐपत?

नाशिकरोडहून:
पत. दोन्ही शब्द जुने आणि दोन्ही हवेत. ऐपत म्हणजे फेडायची ताकद: पगार, शेती, घर. पत म्हणजे हा फेडेल असा लोकांचा भरवसा. वीस एकर बाग असून पत नसलेले लोक आहेत, आणि भाड्याच्या खोलीत राहून बाजारात चोख पत असलेलेही. बँक तुमच्या पगाराच्या पावत्या मागते तेव्हा ऐपत बघते, सिबिल काढते तेव्हा पत. स्कोर 300 ते 900 मध्ये असतो. खरं तर सिबिल हे अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी एकीचं नाव, पण ते आता सगळ्यांनाच लागू झालंय, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. चौघींनाही वर्षातून एकदा अहवाल फुकट द्यावा लागतो. काढून बघत जा. फेडलेलं कर्ज कधी कधी त्यात चालूच दिसतं.

याच पत शब्दावरून पतपेढी आणि पतसंस्था. इथे मात्र एक सांगणं अत्यंत गरजेचं. आपल्या जिल्ह्यात लोक पतसंस्थेला सर्रास "बँक" म्हणतात. बँक हा शब्द नावात लावायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. बँकेतल्या ठेवीला, ती सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज मिळून. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी तो 1 लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत, त्यांच्यावर अनेकांचे धंदे उभे राहिलेत. पण दर अर्धा टक्का जास्त आहे म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा तिथे ठेवताना आपण बँकेत ठेवतोय असं समजू नये.

देवळालीहून:
वडिलांच्या एफडीला मोठ्या भावाचा "वारस लावलेला" आहे. वडील गेले. भाऊ म्हणतो, वारस मीच, सगळे पैसे माझे. आम्ही दोघी बहिणी आणि आई आहे.

नाशिकरोडहून:
वडील गेल्याचं वाचून वाईट वाटलं. भावावर चिडू नका, हा घोटाळा शब्दाचा आहे. बँकेत तोंडी सगळेच "वारस लावा" म्हणतात, मीही काउंटरवर तसंच ऐकत आले. पण फॉर्मवर असतं ते नामनिर्देशन. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे तो माणूस. त्याला पैसे दिले की बँक मोकळी. पैसे कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसलेल्या वडिलांच्या पैशात बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई, सगळ्यांना सारखा वाटा. तुमच्या घरी म्हणजे आई, भाऊ आणि तुम्ही दोघी, आणि आजी हयात असतील तर त्याही. भाऊ पैसे उचलू शकतो, पण ते सगळ्यांचे.

सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली विम्याच्या आणि 2023 साली शेअरच्या प्रकरणात हेच म्हटलंय. विम्यात 2015 पासून एक अपवाद आहे: पॉलिसीवर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच धरली जाते. एफडीला तो लागू नाही. आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी टाकता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून. आईच्या खात्यासाठी हे करून घ्या.

अंबडहून:
नवीन पोरं "फंडात पैसे टाकलेत" म्हणतात. आमच्या वेळी फंड म्हणजे पीएफ. प्रेसमधून रिटायर झालेले आमचे काका अजून "फंड मिळाला" असंच म्हणतात.

नाशिकरोडहून:
हो, एकाच घरात हा शब्द दोन अर्थांनी चालतो, म्हणून विचारून घ्यावं. त्याच पोरांना आणखी एक सांगा: "एसआयपी घेतली" असं काही नसतं. एसआयपी ही पैसे भरायची रीत, दरमहा हप्त्याने. पैसे जातात म्युच्युअल फंडात, आणि तो फंड कसला आहे हे बघायचं. तसंच "एसआयपीवर बारा टक्के व्याज मिळतं" हे बोलणं चूक. व्याज आधी कबूल केलेलं असतं. फंडातून मिळतो तो परतावा, आणि तो कधी उणेही असतो. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत जो माणूस "व्याज" म्हणतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

तुमच्या कंपनीतल्या पीएफचंही एक. पगारातून 12 टक्के कापतात, कंपनीही 12 भरते, पण कंपनीच्या बारातले 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात आणि 3.67 फंडात. पेन्शनसाठीचा पगार 2014 पासून 15,000 पर्यंतच धरतात. म्हणून पेन्शन लहान येते. समजा नोकरी 14 वर्षं झाली: 15,000 गुणिले 14 भागिले 70, म्हणजे महिना 3,000. दहा वर्षांची नोकरी झाल्याशिवाय तीही नाही. ग्रॅच्युइटी याहून वेगळी, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. सरकारी मराठीत तिला उपदान म्हणतात.

सिन्नरहून:
जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होतेय. फॉर्मवर "अंशराशीकरण" आलंय. हे काय?

नाशिकरोडहून:
पेन्शन विकणं, असं शिक्षक आपसांत म्हणतात तेच. पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त 40 टक्के, सोडून त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. तेवढी पेन्शन दरमहा कमी येते आणि 15 वर्षांनी पुन्हा पूर्ण सुरू होते. महागाई भत्ता मात्र मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो. फॉर्मवर टक्के स्वतःच्या हाताने लिहा, रकाना कोरा सोडू नका.