प्रतिसाद: साताऱ्यात सत्तावन्नचा उठाव झालाच नाही?

'सत्तावन्न म्हणजे उत्तरेतल्या पलटणींचं बंड, दक्षिण शांतच होती' हे चर्चेच्या या धाग्यात वर आलेलं मत अर्धंच पटतं. मुंबई इलाख्यातलं सैन्य बहुतांशी कंपनीकडेच राहिलं, हे खरं. पण कोल्हापूरची २७वी पलटण ३१ जुलै १८५७ ला उठली होती. आणि साताऱ्याचं दुखणं तर शिपायांचं नव्हतंच, ते गादीचं होतं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच अर्ज-विनंत्या करत राहिले. तोवर महाराज वारले होते आणि १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक वारस नाकारून राज्यही खालसा केलं होतं. झाशी खालसा होण्याच्या पाच-सहा वर्षं आधी!

धाग्यात कुणीच न लिहिलेली गोष्ट अशी, की सनदशीर मार्गावर इतकी वर्षं घालवलेला हाच माणूस परतल्यावर उठावाच्या तयारीला लागला. त्यात मांग, रामोशी मंडळीही होती. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. आम्हा सातारकरांना शाळेत मेरठ, कानपूर पाठ करायला लावलं, गावातला गेंडामाळ मात्र राहून गेला, याचं मला फार वाईट वाटतं.