शत्रूला जिवंत सोडणे एकदा अपराध आणि एकदा आज्ञा, हे कसे?

पानोपानी (प्रश्न)

बायबलच्या जुन्या करारातील राजांची पुस्तके वाचताना मी एका विसंगतीपाशी अडलो आहे. पहिल्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात अरामाचा राजा बेन-हदाद हरतो, अफेक शहरात शिरून आतल्या खोलीत लपतो आणि त्याचे सेवक कमरेला गोणपाट गुंडाळून, डोक्याला दोरखंड बांधून इस्राएलचा राजा अहाब याच्यासमोर येतात. इस्राएलचे राजे दयाळू असतात, असे त्यांच्या कानी आलेले असते. अहाब बेन-हदादला भाऊ म्हणतो, आपल्या रथात बसवून घेतो आणि करार करून सोडून देतो. त्यावर एक संदेष्टा त्याला बजावतो की सोडलेल्या माणसाच्या जिवाबदली तुझा जीव जाईल.

दुसऱ्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मात्र आंधळे झालेले अरामी सैन्य अलीशा या संदेष्ट्याच्या मागोमाग थेट इस्राएलच्या राजधानीत, शोमरोनात येऊन पोहोचते. राजा उतावीळपणे दोनदा विचारतो की यांना मारू का, आणि अलीशा त्यांना जेवू घालून परत पाठवायला सांगतो. शत्रू तोच, राज्यही तेच. मग पराभूतांशी कसे वागायचे याला काही नियम होता, की त्या दिवशी संदेष्टा जे म्हणेल तोच नियम?

मूळप्रत

नियम होता, परंतु तो दया आणि क्रौर्य यांच्याविषयी नसून मालकीविषयी होता, असे मला वाटते. अहाबाला दोष देणारा संदेष्टा बेन-हदादचा उल्लेख 'ईश हेर्मी', म्हणजे 'माझ्या हेरेमचा माणूस', असा करतो. हेरेम म्हणजे माणसाच्या वापरातून कायमचे काढून देवाच्या वाट्याला टाकलेले. मराठी बायबलात त्यासाठी बहुधा 'समूळ नाश' अशा अर्थाचे शब्द येतात आणि त्यात मालकीची छटा हरवते. यरीहो शहर इस्राएलांच्या हाती पडल्यावर तेथील माणसे व जनावरे मारली गेली, पण सोने, रुपे, पितळ आणि लोखंड यहोवाच्या, म्हणजे इस्राएलच्या देवाच्या, भांडारात गेले. आखान नावाच्या इस्राएली माणसाने त्यातला एक शिनारी झगा, २०० शेकेल रुपे आणि ५० शेकेलांची सोन्याची वीट आपल्या तंबूत पुरून ठेवली, म्हणून त्याला दगडमार झाला. इस्राएलचा पहिला राजा शौल याचा अपराधही याच जातीचा आहे. त्याने अमालेक्यांचा राजा अगाग याला आणि निवडक मेंढरांना वाचवले. संदेष्टा शमुवेल येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो की मग माझ्या कानी पडते ते मेंढरांचे बेंबाटणे कसले. शेवटी शमुवेल स्वतःच गिलगाल येथे अगागाचे तुकडे करतो.

आता अलीशाचे उत्तर पाहा. तो राजाला उलट विचारतो की ज्यांना तू आपल्या तलवारीने व धनुष्याने पकडलेस, त्यांना तरी तू मारतोस का? या वाक्याचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत, परंतु रोख स्पष्ट आहे: हे कैदी राजाने जिंकलेलेच नाहीत, तेव्हा त्यांच्या जिवाचा निर्णयही त्याचा नाही. बेन-हदादही अहाबाचा नव्हता. दोन्ही गोष्टींत राजाला सांगितले जाते ते एकच, की हा माणूस तुझा नव्हे.

शिलालेखवेडा

मालकीचा मुद्दा पटतो, पण त्याला इस्राएलचे वेगळेपण समजू नये. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे सापडलेल्या आणि आता लूव्र संग्रहालयात असलेल्या मेशाच्या शिलालेखात मवाबचा हा राजा सांगतो की आपण रात्री निघून नबो गावावर पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो, ते इस्राएलकडून घेतले आणि तेथील ७,००० माणसे मारली, कारण ती आपल्या अश्तर-कमोश या देवासाठी हेरेम केली होती. शब्दाचा मूळ धातू तोच, देव तेवढा निराळा! इ.स.पू. नवव्या शतकात यार्देनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला विजयाची भाषा एकच होती, आणि तिच्यात फुगवटाही भरपूर होता. त्याच लेखात मेशा म्हणतो की इस्राएलचा कायमचा नाश झाला. राज्य त्यानंतरही शतकाहून अधिक काळ टिकले. यहोशवाच्या पुस्तकात आय शहर जाळल्याचे वर्णन आहे, पण ज्या टेकडीला बहुतेक अभ्यासक आय मानतात ती त्या काळाच्या आधी कित्येक शतके ओसाड होती. त्याच पुस्तकातील हासोर शहरात मात्र तेराव्या शतकातील मोठ्या आगीचा थर खरोखर सापडला आहे. ती कोणी लावली यावर वाद आहे.

अहाबापुरते बोलायचे तर मला त्याच्या दयेत राजकारणच दिसते. सुटकेच्या बदल्यात बेन-हदाद घेतलेली शहरे परत देतो आणि आपल्या राजधानीत, दमास्कसात, इस्राएलला बाजारपेठ उघडून देतो. शिवाय अश्शूरचा तिसरा शल्मनेसर इ.स.पू. ८५३ च्या करकर येथील लढाईत आपल्या विरोधकांमध्ये दमास्कसच्या राजासोबत अहाबाचेही नाव देतो, २,००० रथ आणि १०,००० पायदळ यांसह. राजांच्या पुस्तकात या लढाईचा शब्दही नाही. उत्तरेकडून अश्शूर येत असताना शेजाऱ्याला भाऊ म्हणणारा राजा मूर्ख नसतो.

तळटीप

वरच्या दोन्ही प्रतिसादांत हेरेमवर भर आला आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक पराभूतांच्या वाट्याला वेठ येत असावी. 'अनुवाद' या नावाच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायानुसार दूरच्या शहरापुढे आधी सलोख्याची अट ठेवायची. ते मान्य करील तर त्याने वेठबिगारी करायची, न करील तर पुरुष मारायचे आणि बायका, मुले, गुरे लूट म्हणून घ्यायची. समूळ नाशाचा हुकूम कनानी, हित्ती अशा जवळच्या लोकांपुरता आहे, आणि त्यांच्याबाबतही शास्ते पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हापुन्हा सांगतो की त्यांना घालवून दिले नाही, कामाला लावले. त्याच कायद्यात वेढा घातलेल्या शहराची फळझाडे तोडायला मनाई आहे, हे वाचताना मला नेहमीच चमत्कारिक वाटते.

दावीद राजाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मवाबी कैद्यांना जमिनीवर निजवून त्याने दोरीने मोजले: दोन दोऱ्या मारायच्या, एक भरून दोरी जिवंत ठेवायची. कोण दोषी, कोण निर्दोष हा प्रश्नच नाही; तुम्ही कोठे आडवे झालात यावर जीव. अम्मोन्यांची राजधानी राब्बा जिंकल्यावर त्यांचे त्याने काय केले हे तर एका अक्षरावर अडले आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात 'वय्यासेम' आहे, म्हणजे त्यांना करवती व कुऱ्हाडींच्या कामाला लावले असा अर्थ निघू शकतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात 'वय्यासर' आहे, म्हणजे करवतीने कापले. नकलकाराच्या हातून शेवटचे एक अक्षर बदलले आणि वेठबिगाराचा मुडदा झाला, किंवा मुडद्याचा वेठबिगार.

पानोपानी

मनःपूर्वक आभार. मालकीचा धागा धरला तर अनुवाद २१ मधील बंदिवान स्त्रीचा नियम कोठे बसतो? तेथे तर ती सैनिकाचीच होते.

मूळप्रत

होते, पण ताबडतोब नाही. तिने डोके मुंडायचे, नखे काढायची, बंदिवासातील वस्त्र उतरवायचे आणि आईबापांसाठी महिनाभर शोक करायचा. त्यानंतरच तो तिला बायको करू शकतो. पुढे ती नकोशी झाली तर तिला मोकळे सोडायचे, पैसे घेऊन विकायचे नाही. तिला विचारावे असे मात्र कायदा कोठेही म्हणत नाही, आणि याला दया म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मिद्यानाविरुद्धच्या लढाईनंतर वाचवलेल्या बायका पाहून मोशे संतापतो, तो गणना पुस्तकाचा ३१ वा अध्याय याच्या शेजारी ठेवून वाचावा.

आणखी एक. 'भाऊ' हा शब्द पुन्हा एकदा येतो. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलचे सैन्य दक्षिणेकडील यहूदा राज्याचे २,००,००० कैदी शोमरोनाकडे आणते, तेव्हा ओदेद नावाचा संदेष्टा वाटेत आडवा येऊन म्हणतो की हे तुमचेच भाऊबंद आहेत, यांना परत पाठवा. मग लुटीतलेच कपडे व जोडे त्यांना घातले जातात, खाऊपिऊ घालून तेल लावले जाते आणि चालवत नसलेल्यांना गाढवांवर बसवून यरीहोपर्यंत पोहोचवले जाते.

शिलालेखवेडा

राजांच्या पुस्तकात त्या युद्धाची हकीकत आहे, पण ओदेद नाही आणि गाढवेही नाहीत. आणि अलीशाच्या मेजवानीनंतर अरामी टोळ्या पुन्हा आल्या नाहीत, असे लिहिल्यावर लगेच पुढच्याच वचनात बेन-हदाद सगळे सैन्य घेऊन शोमरोनाला वेढा घालतो.