मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार वाकले असल्यास धोका कितपत?

प्रश्न : आमच्या ओव्हनचे दार बिजागरीपाशी किंचित वाकले आहे. त्यातून निसटणाऱ्या लहरींमुळे कर्करोग होऊ शकतो का?

पहिले उत्तर : सुमारे २.४५ गिगाहर्ट्झच्या या लहरी क्ष-किरणांप्रमाणे आयनीभवन (अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढणे) करत नाहीत, त्यामुळे त्या डीएनएचे रेणू तोडू शकत नाहीत. ऊती तापवणे हाच त्यांचा सिद्ध परिणाम असून, रक्तप्रवाह नसलेल्या डोळ्याच्या भिंगाला त्या उष्णतेची झळ लवकर पोहोचते.

दुसरे उत्तर : तरीही हा ओव्हन कृपया वापरू नका. अमेरिकी नियमानुसार पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर गळती प्रति चौरस सेंटीमीटर ५ मिलिवॉटपेक्षा अधिक नसावी, परंतु ती मर्यादा पाळली जाणे दार घट्ट बसण्यावरच अवलंबून असते.

तिसरे उत्तर : दुरुस्ती मात्र स्वतः करू नका, प्लग काढल्यानंतरही आतील कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.