पियानोचे डँपर बदलण्याआधी ब्रिजच्या पलीकडे बघा
पट्टी सोडल्यावर सूर घुमत राहतो म्हणजे डँपरच (तारेवर टेकून सूर थांबवणारे फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे) गेले, सगळे बदला, असा सल्ला दिला जातो; मला तो घाईचा वाटतो. सर्वांत वरच्या साधारण दीड सप्तकाला तर डँपर नसतातच, तिथे सूर घुमणारच. आमच्या जुन्या अपराइट (उभ्या) पियानोचे डँपर नीट टेकत होते, तरी सूर तोडला की मागे बारीक किणकिण उरायची. शेवटी मुलीला पट्टी वाजवायला बसवलं आणि मी ब्रिजच्या (तारा ज्यावरून जातात त्या लाकडी आधाराच्या) पलीकडे, तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या खिळ्यांपर्यंतच्या भागावर बोट टेकवत गेलो. एका जागी किणकिण एकदम थांबली! तिथे तारांत ओवलेली फेल्टची फीत कसरीने खाल्ली होती. नवी ओवली, काम झालं.

मात्र स्टाइनवेसारख्या पियानोंत वरच्या सुरांचा हा भाग मुद्दाम मोकळा असतो (१८७२ चं पेटंट), तिथे सरसकट फेल्ट घालू नका.