टोरंटोला सरळ विमान का मिळंना?

उजळाईवाडीकर: पोरगी टोरंटोला असती. आईला धाडायचंय, संगं पाच किलो कांदा-लसूण चटणी. मुंबईहून सरळ विमान गावंना. तिथला पियर्सन विमानतळ तर परत गजबजलाय म्हणत्यात?

रंकाळा७२: गजबजलाय की. 2019 ला 5 कोटी प्रवासी, 2020 ला जेमतेम 1.3 कोटी, 2023 ला साडेचार कोटींच्या आसपास. पण गर्दी परतली म्हणून जुने मार्ग परततातच असं नाही, भावा. 2022 पासून कॅनडाच्या विमानांना रशियाचं आकाश बंद. वळसा, जादा इंधन, मग प्रवासी-सामान कमी. एअर कॅनडाची व्हँकुव्हर-दिल्ली फेरी 2022 ला त्यातच थांबलेली.

उजळाईवाडीकर: म्हंजे चटणी कमी न्यायची?

शाहूपुरीची मावशी: न्या हो, दुहेरी पिशवीत बांधून! मी लंडनमार्गे गेले. उलट बरं, गुडघे मोकळे झाले.