यूएसबी वायफाय ड्रायव्हर: बफरमध्ये बीकन दिसतात, स्कॅन मात्र रिकामं

रानवाट:
२.४ गिगाहर्ट्झच्या एका यूएसबी डोंगलसाठी लिनक्सवर ड्रायव्हर लिहितोय. कर्नल ६.१२, मॅक८०२११ (कर्नलमधला वायफायचा सामाईक कोड) वापरून. फर्मवेअर चढतं, मॅक पत्ता बरोबर वाचला जातो, डब्ल्यूलॅन० हा इंटरफेस उभा राहतो. बल्क-इनवर (डोंगलकडून डेटा येतो ती यूएसबी वाट) यूआरबी, म्हणजे यूएसबीच्या डेटा-विनंत्या, भरून येत राहतात. सुरुवातीचं २४ बाइटचं डिस्क्रिप्टर (फ्रेमबद्दल चिपने जोडलेली माहिती) सोडून पुढचं छापलं, की ८० ०० ०० ०० आणि मग सहा वेळा एफएफ, म्हणजे बीकनच (राउटर आपलं नेटवर्क जाहीर करायला पाठवतो ती फ्रेम). तरी ‘आयडब्ल्यू’ या कमांडचं स्कॅन रिकामं येतं आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) अगदी गप्प. फ्रेम कुठे गळते आहे?

चौथाबिट:
डीमेसेज गप्प आहे हीच मोठी खूण. रेट_आयडीएक्स (फ्रेमच्या रेटचा क्रमांक) मर्यादेबाहेर गेला असता, तर मॅक८०२११ ने फ्रेम टाकताना वॉर्निंग दिली असती. आवाज न करता फ्रेम जाते ती बहुधा दोन कारणांनी.

पहिलं, आरएक्स स्टेटसमधलं (ड्रायव्हर प्रत्येक फ्रेमसोबत देतो ती माहिती) ‘फ्रेक’, म्हणजे फ्रिक्वेन्सी. तिथे मेगाहर्ट्झ हवेत: चॅनल १ साठी २४१२, ६ साठी २४३७. डिस्क्रिप्टरमधला चॅनल नंबर तसाच भरलात, तर स्कॅनच्या कोडला त्या फ्रिक्वेन्सीचं चॅनल सापडत नाही आणि तो निमूट परत फिरतो.

दुसरं, स्टेटस एसकेबीच्या (कर्नलमधला पॅकेटचा बफर) ‘सीबी’ या राखीव जागेत असतं आणि तिथे आधीचा कचरा उरलेला असू शकतो. एफसीएस (फ्रेमच्या शेवटचा चेकसम) चुकल्याचा बिट त्यात चुकून लागलेला असेल, तर फ्रेम थेट बाद. स्टेटसचा स्ट्रक्चर आधी पूर्ण शून्य करा, भरा, मगच सीबीत कॉपी करा.

तपासायला इंटरफेस मॉनिटर मोडमध्ये (हवेतल्या सगळ्या फ्रेम दाखवणारा मोड) टाका आणि टीसीपीडम्प ‘-ई’ लावून चालवा. रेडिओटॅपमध्ये (फ्रेमच्या आधी जोडलेला माहितीचा हेडर) तुम्ही भरलेलीच फ्रिक्वेन्सी आणि रेट दिसतात.

रानवाट:
मॉनिटरमध्ये ‘१ मेगाहर्ट्झ’ दिसत होतं. २४१२ भरल्यावर स्कॅनमध्ये नेटवर्क आली. पण प्रत्येक बीकनचा रेट ४८ एमबीपीएस दिसतो, हे कसं शक्य आहे?

चौथाबिट:
बीकन खरं तर १ एमबीपीएसवर येत असणार. तुमची चिप पीएलसीपीमधली (फ्रेमच्या आधी हवेत जाणारा हेडर) सिग्नल बाइट, म्हणजे रेटचा कोड, देते आहे. १ एमबीपीएससाठी ती ०एक्स०ए, म्हणजे १०. मॅक८०२११ ला मात्र तुमच्याच बिटरेट टेबलमधला क्रमांक हवा असतो आणि नेहमीच्या १२ रेटच्या टेबलात क्रमांक १० वर ४८ बसलेला असतो. २ एमबीपीएसची फ्रेम आली की बाइट २० होईल आणि मग वॉर्निंगही दिसेल. सीसीकेसाठी (१ ते ११ एमबीपीएसचे जुने रेट) १०, २०, ५५, ११० हे आकडे अनुक्रमे ० ते ३ करा. ओएफडीएमचे (६ ते ५४ एमबीपीएसचे रेट) कोड उलटसुलट आहेत (६ एमबीपीएस = ०एक्स०बी, ५४ = ०एक्स०सी), तिथे सरळ स्विच-केस लिहा, गणित करू नका.

सह्यकडा:
पुढे अडाल ती जागा आत्ताच सांगतो. चिप शेवटी ४ बाइटचा एफसीएस जोडत असेल, तर एकतर तो कापा किंवा ‘आरएक्स_इन्क्लूड्स_एफसीएस’ हा फ्लॅग लावा. दोन्ही करायचं राहिलं तरी स्कॅन चालतं, डब्ल्यूपीए२ चा हँडशेकही बहुतेक वेळा पार पडतो, पण डीएचसीपी पत्ता मिळत नाही. सॉफ्टवेअर डिक्रिप्शनमध्ये सीसीएमपीचा (डब्ल्यूपीए२ चं एन्क्रिप्शन) ८ बाइटचा एमआयसी, म्हणजे फ्रेम बदललेली नाही हे तपासणारा कोड, फ्रेमच्या शेवटून मोजला जातो. तो ४ बाइटनी सरकला की प्रत्येक एन्क्रिप्टेड फ्रेम बाद होते. लोक मग दिवसभर एन्क्रिप्शन कीच्या कोडमध्ये शोधत बसतात.

आणखी एक. यूआरबीच्या कॉलबॅकमधून मॅक८०२११ ला फ्रेम देताना ‘आरएक्स_आयआरक्यूसेफ’ वापरा. वर्कक्यूमधून देणार असाल तर ‘आरएक्स_एनआय’. एकाच हार्डवेअरसाठी दोन्ही मिसळू नका. यूआरबी पुन्हा सबमिट करताना जीएफपी_अ‍ॅटॉमिकच (न थांबता मेमरी मागणारा फ्लॅग) हवं, आणि चुकीची फ्रेम आली म्हणून सबमिट न करता परतू नका, नाहीतर एकेक यूआरबी संपत जाऊन रिसीव्ह ठप्प होतं.

डोंगल उपसल्यावर आधी अनरजिस्टर_एचडब्ल्यू, मग अँकर केलेले (एका यादीत बांधून ठेवलेले) यूआरबी मारा, शेवटी फ्री_एचडब्ल्यू.