मदत हवी आहे: हलकी तलवार हाताला जड का लागते?

जुनंपातं:
दोन तलवारी ताडून पाहतोय. पहिली सरळ, फिरंगी (युरोपीय धाटणीच्या पात्याची), जाळीदार मूठ आणि मुठीमागे गज (लांब दांडी): पातं 89 सेंमी, वजन 1,140 ग्रॅम, तोल (जिथे तलवार बोटावर समतोल राहते तो बिंदू) परजेपासून, म्हणजे मुठीच्या पुढच्या आडव्या पट्टीपासून, 13 सेंमीवर. दुसरी वक्र, चकतीच्या मुठीची: पातं 76 सेंमी, वजन 985 ग्रॅम, तोल 19 सेंमीवर. दुसरी हलकी असून मनगटाला जड जाते. पातं बदललेलं असेल का? तिची मूठही जरा हलते, एम-सील भरू का? पहिलीवर धावत्या लांडग्याचा ठसा आहे, म्हणजे जर्मन पातं नक्की ना?

पाणीदार:
काट्यावरचा आकडा फसवतो. मनगटाला जाणवतं ते वजन गुणिले अंतर. पकडीचा मध्य परजेच्या 5 सेंमी मागे धरा. पहिलीचे 1,140 × 18 = 20,520, दुसरीचे 985 × 24 = 23,640. जाळी आणि गज फिरंगीचं वजन मागे खेचतात, एवढंच.

पातं बदललंय का, ते तोलावरून कळणार नाही. कॅलिपरने पाठीची जाडी दर 10 सेंमीला मोजा. घडीव पातं मुठीशी जाड असतं आणि टोकाकडे उतरत जातं. सगळीकडे 4 मिमी सारखीच आली, तर पट्टीतून कापलेलं नवं काम समजा. उतार नीट असेल तर तोल पुढे असणं हा दोष नव्हेच. चकती मनगट फार वळू देत नाही. वार खांद्या-कोपरातून ओढून काढायचा, तिथे पुढचं वजन उपयोगी पडतं.

गज_आणि_परज:
एम-सील अजिबात नको, पुन्हा निघत नाही. अशा मुठीत पात्याचा दांडा लाखेने बसवलेला असतो. लाख वाळून तडकली की मूठ हलते. 20 ग्रॅम लाख गळली असेल तर तोल जेमतेम अर्धा सेंमी पुढे सरकतो, म्हणजे तुमच्या 19 चं कारण ते नाही. जाणकाराकडून लाख आणि विटेची भुकटी घालून बसवून घ्या. मुठीवर सोन्या-चांदीचं काम असेल तर ज्योत जवळ नेऊ नका.

ठशावर भिस्त ठेवू नका. लांडगा पासाउ-झोलिंगन या जर्मन शहरांचा खरा, पण त्याची नक्कल भरपूर झाली. त्यापेक्षा मुठीच्या पट्ट्या पात्याला जडवणारे रिबिट भिंगाखाली बघा. एखादंच चकचकीत आणि कानशीचे ओरखडे असलेलं दिसलं, तर मूठ नंतर कुणीतरी उघडली आहे.

पाणीदार:
खंडेनवमीनंतर हळद-कुंकू त्याच दिवशी पुसा. खाली ओल धरून गंजाचे ठिपके पडतात. चिंच-लिंबू लावू नका, जौहर (पोलादावरची लाटांसारखी नक्षी) असेल तर त्याचं रूप बिघडतं. मऊ कापडाने पातळ मशीन ऑइल पुरे. पावसाळ्यात पातं म्यानाबाहेर ठेवा.

जुनंपातं:
दुसरीची पाठ मोजली: मुठीशी 6.5, मध्ये 5, टोकाजवळ 3.5 मिमी. पहिलीच्या तीन रिबिटांपैकी मधलं पितळी आहे, बाकी दोन लोखंडी. फोटो टाकतो.